ड्युअल बूट संगणक सुरू होतानाच कोसळत असेल तर: सदोष ड्रायव्हर कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

फोंड्याच्या बाजारात हिशेब लिहिणाऱ्याच्या टेबलावर किंवा फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाच्या खोलीत एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक लोकप्रिय प्रकार) अशा दोन प्रणाली बसवलेल्या असणे आता नवलाचे राहिलेले नाही. टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि डिजिटल सहीचे टोकन यांच्यासाठी विंडोज सोडता येत नाही आणि अभ्यासक्रमातील प्रोग्रामिंगसाठी लिनक्स हवे असते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपल्यानंतर जुना संगणक टाकून देण्याऐवजी त्यावर शेजारी लिनक्स बसवून पाहण्याचे कारणही अनेकांना मिळाले आहे. हा लेख अशा संगणकाचे मालक असलेल्या, पण दुरुस्तीचा अनुभव नसलेल्या वाचकांसाठी आहे. संगणक चालू केला की निळी स्क्रीन येते, गोल फिरत राहतो किंवा काळ्या स्क्रीनपुढे गाडी सरकतच नाही, अशा वेळी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्राचा एखादा भाग, उदाहरणार्थ ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय किंवा डिस्कचा नियंत्रक, यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्राम होय. बहुतेक महत्त्वाचे ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. साधा प्रोग्राम चुकला तर तेवढाच बंद पडतो, पण कर्नलमधील ड्रायव्हर चुकला तर संपूर्ण प्रणाली थांबते. असा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होत असल्यामुळे संगणक कितीही वेळा पुन्हा सुरू केला तरी तो त्याच ठिकाणी कोसळतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथेही दोष त्याच प्रकारचा होता: कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर सुरुवातीलाच ती फाइल वाचत होता आणि कोसळत होता. उपायही तसाच साधा होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक ड्रायव्हरांवरच चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन ती एक फाइल काढून टाकली की यंत्र सुरू होई. त्यासाठी डिस्क पुसण्याची गरज नव्हती. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की ड्रायव्हरच्या दोषावर फॉरमॅट हा उपाय जवळजवळ कधीच लागत नाही आणि दोन प्रणालींच्या संगणकावर एका प्रणालीसाठी केलेला फॉरमॅट दुसरीही पुसून टाकू शकतो.

दोन प्रणालींचा संगणक म्हणजे एका घरातील दोन बिऱ्हाडे. विंडोजचे ड्रायव्हर विंडोजपुरते आणि उबुंटूचे उबुंटूपुरते असतात. एकाचा ड्रायव्हर बिघडला म्हणून दुसऱ्याचा बिघडत नाही. पण डिस्क, मेमरी, वाय-फाय कार्ड, मदरबोर्डवरील घड्याळ आणि फर्मवेअरच्या, म्हणजे प्रणालीच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डमधील प्रोग्रामच्या, सेटिंग मात्र सामाईक असतात. म्हणून जी प्रणाली सुरळीत चालते, तीच आपल्या हातातील सर्वांत चांगले तपासणी-साधन ठरते. ती चालत असेल तर यंत्र बहुधा धडधाकट आहे आणि दोष दुसऱ्या प्रणालीच्या ड्रायव्हरमध्ये किंवा सामाईक सेटिंगमध्ये आहे, असे मानून पुढे जाता येते.

हात लावण्यापूर्वी

सर्वांत आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधील डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी आहे का ते पाहावे. विंडोज 11 असलेल्या अनेक लॅपटॉपांवर डिस्कचे एन्क्रिप्शन मालकाला न सांगताच चालू झालेले असते. फर्मवेअरमधील एखादी सेटिंग बदलली किंवा सेफ मोडमध्ये जाण्याचा प्रयत्न केला, की विंडोज 48 अंकी की मागते आणि ती नसेल तर दुरुस्ती तेथेच अडते. विंडोजमध्ये ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला जातो, त्या खात्यात मोबाइलच्या ब्राउझरवरून शिरून ही की पाहता येते. ती कागदावर उतरवून घ्यावी, कारण जो संगणक सुरू होत नाही त्याच्यातच साठवलेली की उपयोगाची नसते.

दुसरे काम चालू असलेल्या प्रणालीतून महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर काढून घेण्याचे आहे. उबुंटू चालत असेल तर त्यातील फाइल्स या प्रोग्राममधून विंडोजचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विंडोजसाठी राखलेला भाग, उघडते आणि टॅलीचा डेटा किंवा घरचे फोटो सरळ बाहेर काढता येतात. पार्टिशन एन्क्रिप्ट केलेले असेल तर मात्र आधी वर सांगितलेली की द्यावी लागते. उलट विंडोजमधून उबुंटूचे पार्टिशन आपोआप दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते अनोळखी म्हणून दिसले किंवा विंडोजने त्याला फॉरमॅट करण्याविषयी विचारले, तर स्पष्ट नकार द्यावा.

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. विजांच्या गडगडाटात आणि झाडे तारांवर पडल्यावर वीज केव्हाही जाते आणि ड्रायव्हर किंवा कर्नल बसत असतानाच वीज गेली तर अर्धवट बसलेल्या फाइली मागे राहतात. हा बिघाड ड्रायव्हरच्या दोषासारखाच दिसतो. म्हणून दुरुस्ती करताना डेस्कटॉप यूपीएसवर असावा आणि लॅपटॉपची बॅटरी पुरेशी भरलेली असावी. नियोजित कामांसाठी वीजपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना दैनिकांत आलेली असेल, तर त्या दिवशी अपडेट लावूच नयेत.

यानंतर प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन, बाहेरची हार्ड डिस्क, डोंगल अशी यूएसबीला लावलेली सर्व साधने काढावीत, फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवावा आणि संगणक एकदा सुरू करून पाहावा. आश्चर्य वाटेल, पण काही वेळा एवढ्यानेच काम होते. मग एकेक साधन परत लावत गेल्यास गुन्हेगार सापडतो.

नेमके कुठे कोसळते ते पाहावे

संगणक चालू केल्यावर आधी कंपनीचे चिन्ह दिसते, मग ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो, त्यात निवड केल्यावर संबंधित प्रणालीचे चिन्ह आणि शेवटी प्रवेशाची स्क्रीन येते. कोणत्या टप्प्यावर गाडी अडते त्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. त्यामुळे घाई न करता मोबाइलने व्हिडिओ काढून ठेवणे उत्तम. क्षणभर झळकून जाणारा संदेश डोळ्यांना वाचता येत नाही, पण व्हिडिओ थांबवून तो वाचता येतो.

कंपनीच्या चिन्हापाशीच अडत असेल तर प्रणालीचे ड्रायव्हर अजून चित्रातच आलेले नसतात. तेथे मेमरी, डिस्क किंवा फर्मवेअर यांचा संशय घ्यावा. ग्रबचा मेनू नाहीसा होऊन थेट विंडोज सुरू होत असेल तर तोही ड्रायव्हरचा दोष नव्हे. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर बूटचा क्रम बदललेला असतो आणि फर्मवेअरमध्ये जाऊन (त्यासाठीच्या कळा पुढे दिल्या आहेत) उबुंटू पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणले की काम होते. ऑगस्ट 2024 मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होण्याऐवजी ‘एसबॅट’ पडताळणी अयशस्वी झाल्याचा संदेश येऊ लागला होता. तोही सिक्युअर बूटचा, म्हणजे विश्वासार्ह सही नसलेले काही सुरू होऊ न देणाऱ्या फर्मवेअरमधील सोयीचा, प्रश्न होता, ड्रायव्हरचा नव्हे. असा संदेश दिसल्यास सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जावे, सर्व अपडेट लावावेत आणि मग ते पुन्हा चालू करून पाहावे.

विंडोज आणि उबुंटू दोन्ही कोसळत असतील, तेही दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नये. दोन वेगळ्या प्रणालींचे वेगळे ड्रायव्हर एकाच आठवड्यात बिघडणे संभवत नाही. दोष यंत्राचा असतो आणि बहुतेक वेळा मेमरीचा. ग्रबच्या मेनूत मेमरी टेस्टचा पर्याय असल्यास तो रात्रभर चालू ठेवावा, नसल्यास विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक वापरावे. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत मेमरीच्या पट्टीच्या संपर्कबिंदूंवर थर धरतो. तंत्रज्ञ ती पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवतात आणि तेवढ्याने संगणक सुरळीत झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

केवळ विंडोज कोसळत असेल तर

विंडोज कोसळताना येणारी निळी स्क्रीन (विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत ती काळी झाली आहे) घाबरवण्यासाठी नसून माहिती देण्यासाठी असते. तिच्या तळाशी स्टॉप कोड असतो आणि पुष्कळदा दोषी फाइलचे नावही असते. नावाच्या शेवटी ‘डॉट सिस’ असेल तर तो ड्रायव्हर आहे असे समजावे. त्या नावाची सुरुवात ‘एनव्ही’ने होत असेल तर बहुधा एनव्हीडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, ‘आयजीडी’ने होत असेल तर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर आणि ‘आरटी’ने होत असेल तर अनेकदा रिअलटेकचा नेटवर्क किंवा ध्वनी ड्रायव्हर असतो. स्टॉप कोडमध्ये ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे असेल तर संशय सरळ ग्राफिक्सवर जातो. ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल तर विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही असा त्याचा अर्थ होतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

आता सेफ मोडमध्ये जायचे आहे. सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर लोड करते, त्यामुळे दोषी ड्रायव्हर झोपलेला असताना त्याला काढता येते. विंडोज अजिबात सुरू होत नसेल तर ग्रबमधून विंडोज निवडावे आणि गोल फिरू लागला की पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करावा. असे लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर विंडोज स्वतःहून दुरुस्तीच्या निळ्या मेनूत येते. तेथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन रीस्टार्ट दाबावे. मध्येच ग्रबचा मेनू आल्यास पुन्हा विंडोजच निवडावे, अन्यथा उबुंटू सुरू होऊन हा सगळा खटाटोप वाया जातो. शेवटी जी क्रमांकांची यादी येते तीत 4 म्हणजे सेफ मोड आणि 5 म्हणजे इंटरनेटसह सेफ मोड. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सेफ मोडमध्ये चार अंकी पिन चालेलच असे नाही, खात्याचा मूळ पासवर्ड लागू शकतो. तो आठवत नसेल तर आधी मोबाइलवरून बदलून घ्यावा.

सेफ मोडमध्ये आल्यावर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. पिवळे त्रिकोणी चिन्ह असलेले साधन, किंवा निळ्या स्क्रीनवरील नावावरून संशय आलेले साधन शोधून त्याच्या प्रॉपर्टीजमधील ड्रायव्हर या टॅबवर जावे. तेथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू असेल तर तेच दाबावे. त्याने मागील, चालणारा ड्रायव्हर परत येतो. हे बटण फिके दिसत असेल तर मागील ड्रायव्हर साठवलेला नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी साधन अनइन्स्टॉल करावे आणि त्या खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकण्याविषयीची जी चौकट असते तीत खूण करावी. ही खूण करायची राहून गेली तर पुढच्या सुरुवातीला विंडोज तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा बसवते आणि आपण केलेले काम पाण्यात जाते. ग्राफिक्स ड्रायव्हर काढल्यावर विंडोज साध्या, जाड अक्षरांच्या स्क्रीनवर येते. ते बिघडल्याचे लक्षण नाही, त्या वेळी मायक्रोसॉफ्टचा प्राथमिक ड्रायव्हर काम करत असतो. एनव्हीडिया किंवा एएमडीच्या ड्रायव्हरचे अवशेष चिवट असतात. ते पूर्णपणे काढायचे असल्यास डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा मोफत प्रोग्राम सेफ मोडमधून चालवावा.

नवा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या नेमक्या मॉडेलचा क्रमांक घालून घ्यावा. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर अद्ययावत करू’ असे सांगणारे प्रोग्राम कितीही आकर्षक दिसले तरी वापरू नयेत. भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवून चालत्या संगणकाला आडवे करण्याचे काम तेच अधिक करतात. ड्रायव्हर परत घेतल्यानंतर काही दिवसांसाठी विंडोज अपडेट थांबवून ठेवावे, कारण विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकते. सिस्टिम प्रॉपर्टीजमधील हार्डवेअर टॅबवर ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ येथे नकार दिल्यास ही शक्यता बरीच कमी होते.

सेफ मोडही कोसळत असेल तर त्याच निळ्या मेनूतून दोन गोष्टी करून पाहाव्यात. ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ने शेवटचे अपडेट काढता येते आणि ‘सिस्टिम रिस्टोर’ने, पूर्वी रिस्टोर पॉइंट घेतलेला असेल तर, संगणक त्या दिवसाच्या स्थितीत नेता येतो. आपल्या फाइली त्यामुळे जात नाहीत. अनेक संगणकांवर ही सोय मुळात बंदच असते, हे मात्र ऐन वेळी कळते.

यापलीकडचा उपाय दुसऱ्या प्रणालीमुळेच शक्य होतो. उबुंटूतून विंडोजचे पार्टिशन उघडून विंडोज, सिस्टिम32, ड्रायव्हर्स या फोल्डरांत जावे आणि निळ्या स्क्रीनवर जिचे नाव आले होते त्या फाइलचे नाव बदलावे, उदाहरणार्थ शेवटी ‘जुनी’ असे जोडावे. पण हे करताना तीन पथ्ये कसोशीने पाळावीत. फाइल पुसू नये, फक्त नाव बदलावे. ती विंडोजची स्वतःची नसून बाहेरच्या कंपनीची आहे याची खात्री करून घ्यावी. आणि ती डिस्कच्या नियंत्रकाची असेल तर तिला हात लावू नये, कारण तिच्याविना विंडोज डिस्क वाचूच शकणार नाही. नवख्या वाचकाने हा मार्ग शेवटीच वापरावा.

लिनक्स बसवले आणि विंडोजने डिस्क ओळखेनाशी केली

ड्युअल बूट करणाऱ्यांच्या वाट्याला येणारा हा खास प्रसंग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांवर डिस्कचा नियंत्रक ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ या पद्धतीने चालवलेला असतो आणि उबुंटू बसवताना काही वेळा ती पद्धत बंद करण्याची सूचना मिळते. लोक फर्मवेअरमध्ये जाऊन ‘एएचसीआय’ निवडतात, उबुंटू छान बसते आणि पुढच्या वेळी विंडोज निवडल्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा संदेश येतो. येथे कोणतीही फाइल बिघडलेली नसते. विंडोजला सुरुवातीला जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर लोड करण्याची सवय लागलेली असते आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर संगणकात असूनही ते त्याला जागे करत नाही.

फर्मवेअरमध्ये परत जाऊन जुनी पद्धत ठेवली की विंडोज पुन्हा सुरू होते. सुरू झाल्यावर स्टार्टमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ शोधून उघडावे, बूट या टॅबवर ‘सेफ बूट’ आणि त्याखाली ‘मिनिमल’ यांवर खूण करावी. त्यापूर्वी वर सांगितल्याप्रमाणे खात्याचा पासवर्ड आणि बिटलॉकरची की हाताशी असल्याची खात्री करावी, नाहीतर संगणक सेफ मोडमध्येच अडकतो आणि आत शिरता येत नाही. मग संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज लोड होण्याआधीच, लॅपटॉपच्या कंपनीनुसार एफ2, एफ10 किंवा डिलीट यांपैकी योग्य कळ दाबत फर्मवेअरमध्ये जावे आणि पद्धत एएचसीआय करावी. या वेळी ग्रबमधून विंडोज निवडल्यावर ते सेफ मोडमध्ये सुरू होते आणि नवा ड्रायव्हर स्वतःच जागा करते. एमएसकॉन्फिगमधील खूण काढून पुन्हा सुरू केले की विंडोज आणि उबुंटू दोन्ही एकाच पद्धतीने चालू लागतात. ज्यांना एवढा उपद्व्याप नको असेल, त्यांनी उबुंटूची नवी आवृत्ती पद्धत न बदलताच डिस्क ओळखते का हे आधी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे उबुंटू न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून, पाहावे. कधी कधी काहीच बदलावे लागत नाही.

केवळ उबुंटू कोसळत असेल तर

येथे सर्वांत मोठा आधार ग्रबच्या मेनूचाच असतो. तो मेनू दिसत नसेल तर संगणक चालू होताना एस्केप कळ एकदा दाबावी. वारंवार दाबल्यास मेनूऐवजी ग्रबची काळी आज्ञा-ओळ समोर येते. घाबरू नये, कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून पुन्हा सुरुवात करावी. मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ या ओळीत मागील कर्नल साठवलेले असतात. अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर यादीतील आधीचा कर्नल निवडावा. त्याने उबुंटू सुरू झाले तर नव्या कर्नलसाठी एखादा ड्रायव्हर, बहुतेक वेळा एनव्हीडियाचा, नीट तयार झालेला नाही अशी दाट शक्यता असते आणि सावकाश दुरुस्ती करायला चालता संगणक हाती राहतो.

जुना कर्नलही कोसळत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवून सुरुवात करून पाहावी. ग्रबमध्ये उबुंटूची ओळ निवडलेली असताना ‘ई’ हे अक्षर दाबावे. बऱ्याच ओळी दिसतात; त्यांपैकी लिनक्स या शब्दाने सुरू होणारी आणि ‘क्वाएट स्प्लॅश’ या शब्दांनी संपत आलेली लांब ओळ शोधावी. त्या दोन शब्दांनंतर एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लहान अक्षरांत, एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी असा, मध्ये जागा न सोडता टाइप करावा आणि एफ10 दाबावे. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चूक झाली तरी काही कायमचे बिघडत नाही. ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द काढून टाकल्यास चिन्हाऐवजी संदेशांच्या ओळी सरकत जातात आणि शेवटची ओळ कोणत्या भागापाशी थांबली ते दिसते. व्हिडिओ काढण्याचा सल्ला येथे पुन्हा उपयोगी पडतो.

नोमोडसेटने उबुंटू सुरू झाले तर दोष ग्राफिक्सचाच आहे. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ या टॅबवर जावे, नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर किंवा ‘टेस्टेड’ असे लिहिलेला एनव्हीडियाचा ड्रायव्हर निवडावा आणि पुन्हा सुरू करावे. एनव्हीडियाच्या संकेतस्थळावरून स्वतंत्र इन्स्टॉलर आणून बसवण्याचा मोह टाळावा, कारण तसा ड्रायव्हर पुढच्या कर्नलबरोबर आपोआप जुळवून घेईल याची हमी नसते आणि अपडेटनंतर पुन्हा काळी स्क्रीन येते. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल लोडच करत नाही. ड्रायव्हर बसवताना उबुंटूने एक तात्पुरता पासवर्ड ठेवायला सांगितला असेल तर पुढच्या सुरुवातीला ‘एमओके मॅनेजमेंट’ची निळी स्क्रीन येते. ती विंडोजची निळी स्क्रीन समजून घाईने पुढे ढकलू नये. तेथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यावा.

अपडेट चालू असताना वीज गेली होती, असे आठवत असेल तर वरच्या सगळ्याआधी रिकव्हरी मोड वापरावा. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये कंसात तसे लिहिलेली ओळ असते. तिच्या मेनूत आधी ‘नेटवर्क’ आणि मग ‘डीपीकेजी’ निवडल्यास अर्धवट बसलेली पॅकेजे पूर्ण केली जातात. येथे वाय-फाय अनेकदा मिळत नाही, म्हणून राउटरला तारेने जोडावे किंवा मोबाइल यूएसबी टेदरिंगने लावावा.

कारण शोधायचे असल्यास उबुंटूच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘जर्नलसीटीएल’ (रोमन लहान अक्षरांत जे-ओ-यू-आर-एन-ए-एल-सी-टी-एल) ही आज्ञा मागील सुरुवातीच्या नोंदी दाखवते. तिच्यानंतर जागा सोडून उणे चिन्ह आणि लहान बी, पुन्हा जागा आणि उणे 1 असे लिहावे. विंडोजमध्ये हेच काम रिलायबिलिटी मॉनिटर करतो आणि कोणत्या दिवशी काय बसले व काय कोसळले ते तारखांच्या पट्टीवर दाखवतो. दोन्हीकडच्या वेळा जुळवताना एक गोम लक्षात घ्यावी: उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ मानते, त्यामुळे उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. पहाटे साडेतीनला संगणक कोसळल्याची नोंद वाचून बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही, ती सकाळी नऊची असू शकते.

फास्ट स्टार्टअप

विंडोजचे ‘शट डाउन’ हे खरे शट डाउन नसते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपल्या कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून झोपते आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर नव्याने सुरू न करता तीच स्थिती परत आणते. यातून दोन त्रास होतात. बिघडलेला ड्रायव्हर संगणक बंद करूनही तसाच राहतो; आणि वाय-फाय कार्ड अर्धवट झोपेत राहिल्यामुळे उबुंटूच्या ड्रायव्हरला ते नीट जागे करता येत नाही. विंडोजचे पार्टिशनही उबुंटूत केवळ वाचण्यापुरते उघडते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर चालते आणि ‘शट डाउन’नंतर चालत नाही, असा अनुभव येत असेल तर हेच कारण समजावे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचे बटण काय करते ते ठरवण्याच्या पानावर, ही खूण काढून टाकावी. ड्युअल बूट संगणकावर ती चालू ठेवण्याचे एकही चांगले कारण मला दिसत नाही.

सुरळीत झाल्यावर

दोन्ही प्रणाली दोन-तीनदा बंद-चालू करून पाहिल्यावर विंडोजमध्ये सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून रिस्टोर पॉइंट घ्यावा आणि उबुंटूत टाइमशिफ्ट हा प्रणालीची स्थिती साठवून ठेवणारा प्रोग्राम बसवून पहिली नोंद करून ठेवावी. दुरुस्तीच्या वेळी केलेले तात्पुरते बदल आता एकेक करून मागे घ्यायचे असतात: एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण राहिलेली नाही ना, थांबवलेले अपडेट पुन्हा चालू केले आहेत ना आणि नाव बदललेली ड्रायव्हरची फाइल आता लागत नाही ना, हे पाहावे. सिक्युअर बूट बंद केले असेल तर फर्मवेअरमध्ये जाऊन ते चालू करावे. त्यानंतर विंडोजने एकदा बिटलॉकरची की मागितली तर ती कागदावरून द्यावी आणि कागद पुन्हा जपून ठेवावा.